पांढरा थर: लातूरच्या एका घरातील डिशवॉशर, बोअरचे पाणी आणि पावडरीचे प्रमाण

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरहून माझ्या भाच्याच्या बायकोचा फोन आला. दिवाळीत घेतलेल्या डिशवॉशरमधून निघणारी भांडी पांढरट दिसतात, काचेचे पेले धुरकटले आहेत, स्टीलच्या ताटांवरून बोट फिरवले तर खरखर लागते आणि पावडर दुप्पट करूनही फरक पडत नाही, असे तिने सांगितले. बोलता बोलता तिचा आवाज कापरा झाला आणि शेवटी तिने विचारले, "आत्या, माझंच काही चुकायलंय का?" मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. पुढची महिनाभराची हकीकत मी वहीत टिपून ठेवली होती. जड पाण्याच्या प्रदेशात हे यंत्र वापरणाऱ्या इतर घरांना तिचा उपयोग व्हावा, म्हणून ती येथे पूर्ण मांडते.

घर आणि पाणी

घर माझ्या थोरल्या भावाचे आहे. भाऊ, वहिनी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे त्यात राहतात. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना गुडघ्याच्या दुखण्याने काम सोडावे लागले, तेव्हा मुलाने हे यंत्र आणले. वहिनींना ते पहिल्यापासून पटले नव्हते. मी गेले त्या दिवशी त्यांनी कपाटातून दोन ताटे काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "वन्सं, मावशीच्या हातची भांडी आरशावानी निघायची. ह्या पेटीत घातली की पांढरीफट्ट व्हायलीत." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते, आणि सुनेने कोणताही आळस केला नव्हता हेही तितकेच खरे होते. घरातल्या दोन बायकांमध्ये पाच महिने जो ताण साचला होता, त्याचे मूळ त्या दोघींपैकी कोणाच्याही वागण्यात नव्हते. ते टाकीत होते.

त्यांच्या गल्लीत नळाला साधारण आठवड्यातून एकदा पाणी येते. मांजरा धरणातून आलेले हे पाणी अंगणातल्या हौदात साठवले जाते आणि त्यातले पिण्याचे वेगळे काढून उरलेले गच्चीवरच्या टाकीत चढवतात. टाकी रिकामी होत आली की त्याच टाकीत बोअरचे पाणी सोडतात. म्हणजे स्वयंपाकघराच्या नळाला येणारे पाणी रोज एकसारखे नसते. नळ येऊन गेल्यावर दोन दिवस ते बऱ्यापैकी मऊ असते, मग बोअरचा वाटा वाढत जातो आणि आठवड्याच्या शेवटी टाकीत जवळजवळ निव्वळ बोअरच उरते. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या फटींत दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळून येतात. आपल्याकडे याला जड पाणी किंवा क्षाराचे पाणी म्हणतात, आणि बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर त्याचा पांढरा थर प्रत्येकाने पाहिलेला असतो. भांड्यावरचा थर याच कुळातला असू शकतो, हे मात्र त्या घरात कोणाच्या मनात आले नव्हते, कारण यंत्र नवे होते आणि संशय साहजिकच पावडरीवर गेला होता.

पाच महिन्यांत काय काय करून झाले होते

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी मिठाच्या कप्प्यात मीठ भरले, एक कार्यक्रम चालवून दाखवला आणि तो गेला. पाण्याचा जडपणा किती आहे हे त्याने विचारले नाही आणि मोजलेही नाही. पाण्याच्या जडपणाप्रमाणे यंत्रात जी पायरी लावायची असते, ती कारखान्यातून आली तशीच राहिली. पुढे माघात मीठ संपल्याचा दिवा लागला. सुनेने वापरलेल्या भांडी धुण्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर 'सर्व काही एकात' अशा अर्थाचे शब्द असल्यामुळे तिने आधी दिव्याकडे दुर्लक्ष केले, आणि नंतर दिवा सारखा डोळ्यांत खुपू लागला म्हणून घरातले लोणच्याचे जाडे मीठ कप्प्यात ओतले. दिवा गेला. भांडी मात्र आणखी पांढरी होऊ लागली.

मग पावडर आली. पावडरीचा एक चमचा पुरत नाही असे वाटून दोन झाले, दोनाचे अडीच झाले, आणि एखाद्या दिवशी पावडरीबरोबर गोळीही पडू लागली. एकदा पावडर संपली असता हाताने भांडी घासायचे द्रव साबण घातले गेले. त्या दिवशी यंत्राच्या दारातून फेस बाहेर आला आणि पाणी उपसणेच थांबले. हाताच्या साबणात फेस हवाच असतो, पण यंत्रात फवाऱ्याचे पाणी पंपाने पुन्हा पुन्हा फिरते आणि पंपात फेस शिरला की पाण्याऐवजी हवा फिरते; म्हणूनच यंत्राची पावडर मुद्दाम फेस न करणारी असते. सुदैवाने थंड पाण्याचे दोन नुसते फेर दिल्यावर यंत्र पूर्ववत झाले.

याखेरीज प्रत्येक ताट यंत्रात ठेवण्यापूर्वी वाहत्या नळाखाली विसळण्याची सवय लागली होती. मी एके रात्री नळाखाली बादली ठेवून मोजले, तर एका वेळच्या भांड्यांना दीड बादली, म्हणजे सुमारे ३० लिटर पाणी केवळ विसळण्यात गेले. त्यांचे यंत्र एका पूर्ण धुण्याला साधारण १० ते १२ लिटर पाणी घेते. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले, आणि ज्या शहरातल्या लोकांनी पहिल्या खेपेच्या पाच लाख लिटरांची वाट स्टेशनाकडे डोळे लावून पाहिली, त्या शहरातल्या स्वयंपाकघरात हा आकडा मला फार जड गेला. भावाला तर तो ऐकून काही क्षण बोलताच आले नाही.

पहिली खूण: भिंतीवरचे कॅलेंडर

मी जाण्याआधी फोनवरूनच एक चूक केली, ती नोंदवणे आवश्यक आहे. पेल्यांवर डाग पडतात एवढे ऐकून मी सुनेला शेवटच्या विसळणीचे द्रव, ज्याला बाजारात रिन्स एड म्हणतात, ते भरायला सांगितले. पाण्याबद्दल मी विचारलेच नाही. त्याने काही साधले नाही, आणि ते साधणारही नव्हते. कारण ते द्रव भांड्यावरचे पाणी थेंबांऐवजी पातळ पापुद्र्यासारखे पसरवून निथळू देते. त्या पाण्यातच लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असेल, तर पापुद्रा वाळल्यावरही क्षार मागे राहणारच.

प्रत्यक्ष घरी गेल्यावर खरी वाट सुनेच्या एका वाक्याने दाखवली. "आत्या, कधी कधी चांगली पण निघतात की." कधी, असे विचारल्यावर ती गप्प झाली. पण तिच्या मनात काही तरी होते, म्हणून आम्ही दोघी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिलो. लातूरच्या पुष्कळ घरांप्रमाणे या घरातही नळ आल्याच्या तारखेला गोल केलेला असतो. तिने आठवून आठवून सांगितलेले चांगले दिवस आम्ही पेन्सिलीने टिपले. पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी पाहुणे आले होते तेव्हा पेले स्वच्छ होते, धाकट्याच्या वाढदिवसाला ताटे चकचकीत होती, असे सहा-सात दिवस सापडले. त्यांपैकी एक सोडून सगळे दिवस गोल केलेल्या तारखेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पडत होते. पावडर तीच, यंत्र तेच, हात तेच. बदलत होते ते फक्त पाणी.

मोजमाप

आमच्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून परवानगीने मी थोडे ईडीटीएचे (कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणाऱ्या रसायनाचे) द्रावण, बफर आणि रंग बदलून दाखवणारा सूचक आणले. ५० मिलिलिटर पाण्यात बफर आणि सूचक घातले की जड पाणी दारूसारखे लालसर होते, आणि थेंब थेंब ईडीटीए सोडत गेल्यावर ज्या क्षणी ते स्वच्छ निळे होते, त्या क्षणी लागलेल्या द्रावणावरून जडपणा कळतो. बोअरच्या पाण्याला २८.५ मिलिलिटर लागले, म्हणजे जडपणा लिटरला ५७० मिलिग्रॅम. हौदातल्या नळाच्या पाण्याला ९.५ मिलिलिटर लागले, म्हणजे १९० मिलिग्रॅम. आणि ज्या नळाला यंत्र जोडलेले होते, त्या नळाच्या पाण्याचा जडपणा त्या दिवशी ४८० मिलिग्रॅम निघाला. नळ येऊन गेल्यावर दोन दिवसांनी पुन्हा पाहिला तेव्हा तो ३०० होता. तुलनेसाठी सांगते, भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या १०५०० क्रमांकाच्या मानकात २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतला आहे. म्हणजे हे बोअरचे पाणी पिण्यासाठी कसेबसे मर्यादेत बसते, पण काचेच्या पेल्याला ती मर्यादा लागू पडत नाही.

यंत्राच्या माहितीपुस्तकात जडपणा जर्मन अंशांत दिलेला होता. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने स्वयंपाकघरातले पाणी चांगल्या दिवशी १७ अंशांच्या आसपास, वाईट दिवशी २७ अंश आणि निव्वळ बोअर असेल तर ३२ अंश ठरते. यंत्रात शून्य ते सात अशा आठ पायऱ्या होत्या आणि कारखान्यातून आलेली चौथी पायरी १३ ते १६ अंशांसाठी होती. नळ आल्यानंतरचे दोन दिवस पाणी या पायरीच्या अगदी कडेला येत असे, आणि नेमके तेच दिवस पेन्सिलीच्या खुणांचे होते. गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत २१ अंशांपर्यंतच मिठाशिवाय चालेल अशी सूचना होती. 'सर्व काही एकात' हे शब्द ठळक होते, मर्यादा बारीक होती.

ज्यांच्याकडे अशी रसायने नसतील त्यांनी निदान अंगाच्या साबणाची परीक्षा करावी. एका बाटलीत शुद्धीकरण यंत्राचे पाणी आणि दुसऱ्या बाटलीत घरातले वापराचे पाणी समान घेऊन दोन्हींत साबणाचा सारखाच किस टाकून हलवावे. ज्या बाटलीत फेसाऐवजी दह्याच्या चोथ्यासारखे कण तरंगतात, ते पाणी जड. यातून आकडा मिळत नाही, पण पावडरीला दोष द्यावा की पाण्याला, एवढे कळते.

थर कसला होता

पांढरे दिसले की सगळे सारखेच वाटते, आणि येथेच बहुतेक घरांची दिशा चुकते. म्हणून मी एका ताटावर लिंबूसत्त्वाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. बारीक बुडबुडे आले आणि थर विरघळला. हा कार्बोनेटचा थर होता. दुसऱ्या ताटावर थर बोटाला खरखरीत न लागता बुळबुळीत लागत होता आणि नुसत्या साध्या पाण्याने जात होता. हा धुऊन न गेलेल्या पावडरीचा थर होता. म्हणजे एकाच यंत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींवर बसल्या होत्या, आणि एकीवरचा उपाय दुसरीला वाढवत होता.

हे का घडते ते समजून घेतले पाहिजे. यंत्राच्या पावडरीत मुख्यतः धुण्याचा सोडा, ऑक्सिजन सोडणारे विरंजक, प्रथिने आणि पिष्ट तोडणारी विकरे (एन्झाइम), आणि पाण्यातले कॅल्शियम बांधून ठेवणारे सायट्रेटसारखे घटक असतात. पाणी फार जड असले की हे बांधणारे घटक आधीच संपतात, उरलेल्या कॅल्शियमची सोड्याशी गाठ पडते आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन भांड्यावर बसते. शिवाय पाणी तापले की बायकार्बोनेटही स्वतःहून फुटून तोच थर वाढवते. जो सोडा तेलकटपणा काढण्यासाठी घातला, त्यानेच थर घातला असे म्हणावे लागते. पूर्वी या कामाला फॉस्फेटे वापरत आणि ती कॅल्शियमला फार चांगली धरून ठेवत. पण ती पाण्यात जाऊन शेवाळ माजवतात म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७पासून घरगुती डिशवॉशर पावडरींतल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. त्यामुळे जुन्या अनुभवावरून दिलेले 'मिठाची गरज नाही' असे सल्ले आज उपयोगी पडतीलच असे नाही.

मिठाचे काम समजले असते तर लोणच्याचे मीठ कप्प्यात गेले नसते. हे मीठ भांड्यांना लागतच नाही. यंत्राच्या तळाशी रेझिनचे मणी असतात. ते पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे घेऊन बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की दाट मिठाच्या पाण्याने त्यांना पुन्हा मोकळे करावे लागते. पायरी कमी ठेवली तर हे मोकळे करणे उशिरा होते आणि मधल्या काळात जड पाणी तसेच आत येते. जाड्या मिठात स्वतःचेच मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि मातीचे कण असतात, बारीक मिठात गुठळ्या न होण्यासाठी मिसळलेले पदार्थ असतात. यंत्राला शुद्ध सोडियम क्लोराइडचे जाड दाणेच हवेत.

एका वेळी एकच बदल

भाच्याची इच्छा होती की सगळे दुरुस्त करून त्याच रात्री निकाल पाहावा. मी त्याला थांबवले. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि भांडी स्वच्छ निघाली, तर कशामुळे निघाली हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार आली की पुन्हा सगळे अंधारात चाचपडावे लागेल. म्हणून आठवड्याला एकच बदल करायचा आणि नातवाच्या वहीत रोज ताट, पेला, परात आणि कढई या चार वस्तूंची नोंद करायची, असे ठरले. ही नोंद थोरल्या नातवाने मनापासून ठेवली. एकही दिवस चुकवला नाही.

त्याआधी यंत्राची साफसफाई मात्र अपरिहार्य होती. तळाच्या जाळीत जिरे, मोहरी, कढीपत्त्याच्या काड्या आणि चपटा झालेला एक तुरीचा दाणा निघाला. फवाऱ्याच्या पात्यांची अर्धी भोके क्षाराने बुजली होती. ती टाचणीने मोकळी केली. मग भांडी आणि पावडर यांच्याशिवाय, नुसते लिंबूसत्त्व घालून एक गरम फेर दिला. आम्ल आणि पावडर एकत्र घालू नये, कारण पावडर अल्कधर्मी असते आणि दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात.

पहिल्या आठवड्यात कप्प्यातले जाडे मीठ कपाने उपसून, कप्पा पाण्याने विसळून योग्य मीठ भरले आणि पायरी चारवरून सहावर नेली. सहावी पायरी २२ ते ३० अंशांची होती. मीठ भरल्यावर लगेच एक फेर चालवला, कारण भरताना सांडलेले मिठाचे पाणी आतल्या पत्र्यावर तसेच राहिले तर तो गंजू शकतो. झाकण घट्ट बसले आहे ना, हे भाऊ स्वतः दोनदा तपासून गेले. पावडर जाणीवपूर्वक अडीच चमचेच ठेवली. तिसऱ्या दिवशी ताटांची खरखर गेली. पेले पुष्कळ उजळले. पण स्टीलवर बुळबुळीत पापुद्रा आधीपेक्षा अधिक जाणवू लागला, आणि वहिनींनी तो सगळ्यांत आधी ओळखला. पाणी मऊ झाले होते, तिथे आता इतक्या पावडरीला कामच उरले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात पावडर एका चमच्यावर, म्हणजे साधारण २० ग्रॅमवर आणली. हा आकडा मी मनाने ठरवला नाही; पावडरीच्या कप्प्यातच आतल्या बाजूला प्रमाणाच्या रेषा असतात आणि त्यांतली खालची रेषा २० ग्रॅमच्या जवळ येत होती. बुळबुळीतपणा दोन दिवसांत संपला. एक किलोचे पाकीट अडीच चमच्यांच्या हिशेबाने वीस वेळा पुरत होते, ते आता पन्नास वेळा पुरणार होते. याच आठवड्यात पावडर टाकायची जागाही सुधारली. सून गोळी कधी चमच्यांच्या टोपलीत टाकत असे. तिथे ती पहिल्या थंड विसळणीतच विरघळून पाण्याबरोबर निघून जाते आणि मुख्य धुण्याला काहीच उरत नाही. कप्प्याचे झाकण मुख्य धुण्याच्या वेळी उघडावे लागते, त्यामुळे त्याच्यासमोर मोठे पातेले किंवा परात उभी करू नये. एका रात्री नेमके तसे होऊन झाकण अडकले होते आणि सकाळी गोळी तशीच कोरडी सापडली होती. कप्पा पुसून कोरडा करावा, कारण ओल्या कप्प्यात पावडरीचा खडा होतो.

तिसरा आठवडा परातीचा होता, आणि मला स्वतःला सगळ्यांत जास्त शिकवणारा तोच ठरला. या घरात रोज दोन्ही वेळा ज्वारीच्या भाकरी होतात. परातीला लागलेले ज्वारीचे पीठ, पिठल्याची कढई आणि येसराच्या आमटीचे पातेले या तिन्ही गोष्टी पावडर पुरेशी असूनही स्वच्छ निघत नव्हत्या. वीज वाचावी म्हणून सून अर्ध्या तासाचा झटपट कार्यक्रम लावत असे. त्यात पाणी फारसे तापत नाही, आणि मुख्य म्हणजे पिष्ट तोडणाऱ्या विकराला वेळच मिळत नाही. विकरे सोड्यासारखी एका झटक्यात काम करत नाहीत. त्यांना कोमट ते गरम पाणी आणि बराच वेळ दोन्ही लागतात. आम्ही रात्रीच्या भांड्यांना ६५ अंश सेल्सिअसचा लांब कार्यक्रम आणि दुपारच्या हलक्या भांड्यांना कमी तापमानाचा, पण वेळ घेणारा कार्यक्रम ठरवला. लांब कार्यक्रम म्हणजे जास्त वीज, हा समज सरसकट बरोबर नाही, कारण वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते, वेळ घालवण्यात नाही. परातीसाठी वहिनींनी स्वतः उपाय सुचवला: भाकरी झाल्या झाल्या परातीत थंड पाण्याचा हबका मारून पीठ उलथण्याने खरवडून घ्यायचे. गरम पाणी घातले तर पीठ शिजून खळीसारखे चिकटते, हे त्यांना पन्नास वर्षांच्या हाताने ठाऊक होते. मी फक्त त्याचे कारण सांगू शकले.

नळाखाली विसळणे याच आठवड्यात बंद झाले. उरलेले अन्न चमच्याने काढून टाकायचे, कढीपत्ता आणि दाण्याचे कण झटकायचे, आणि ताट तसेच आत ठेवायचे. ज्या यंत्रांत पाण्याचा गढूळपणा पाहून कार्यक्रम ठरवणारा संवेदक असतो, त्यांत फार विसळलेली भांडी ठेवली तर यंत्र धुणे आखडते घेते, ही बाजूही लक्षात घ्यावी. भारनियमनाची वेळ टाळूनच यंत्र लावायचे, हेही ठरले, कारण मुख्य धुण्याच्या मध्येच वीज गेली तर भांडी तासन् तास सोड्याच्या पाण्यात बसतात.

चौथ्या आठवड्यात शेवटच्या विसळणीचे द्रव पुन्हा भरले. तेच द्रव, जे महिन्यापूर्वी निरुपयोगी ठरले होते, त्याने आता पेल्यांवरचे थेंबांचे डाग पुसून टाकले. क्रम चुकला की चांगले औषधही लागू पडत नाही.

कढई आणि हळद

वहिनींच्या रोषाचे एक कारण मात्र पाण्याशी संबंधित नव्हते. त्यांची लग्नातली हिंडालियमची कढई यंत्रात काळवंडली होती. पावडरीतला सोडा ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खातो आणि भांडे काळे पडते. पावडर योग्य प्रमाणात असली तरीही हे टळत नाही. कढईत चिंच घालून पाणी उकळल्यावर ती बरीच उजळली, पण त्यानंतर ती यंत्राबाहेरच राहिली. लोखंडी तवा, पितळी पातेली, तांब्याची भांडी आणि लाकडी पोळपाट-लाटणेही बाहेरच राहिले. हळदीच्या डागांबद्दल सून फार काळजीत होती, विशेषतः मुलांच्या प्लास्टिकच्या डब्यांवर सोड्याने हळद तांबूस झाली होती. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि प्लास्टिकमध्ये शिरतो. तिथपर्यंत पावडरीचे विरंजक पोचत नाही. धुतलेले डबे दोन दिवस लातूरच्या उन्हात ठेवले, तेव्हा ते जवळजवळ पूर्ण निवळले.

एप्रिलनंतर

एप्रिलअखेर नळाची पाळी लांबली आणि टाकीत निव्वळ बोअर येऊ लागले. मोजल्यावर ते ३२ अंशच भरले, म्हणून सातवी पायरी लावली. मीठ लवकर संपू लागले, पण पावडर एका चमच्यावरच राहिली. वर्षभर सातवरच का ठेवू नये, असे भाच्याने विचारले. नळाच्या पाण्याच्या दिवसांत त्याने मीठ विनाकारण जाते, आणि गरजेपेक्षा मऊ पाण्यात जास्त पावडर पडली तर काच हळूहळू झिजून कायमची धुरकट होते. तो धुरकटपणा लिंबूसत्त्वानेही जात नाही. म्हणून पावसाळा स्थिरावला की पायरी खाली आणायची, असे ठरले. यंत्रासाठी नळाच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी बसवावी, अशी भावाची कल्पना होती. वहिनींनी ती मोडून काढली. ते पाणी पिण्याचे आहे, भांड्यांना बोअरचेच वापरायचे, असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचा निर्णय योग्य वाटला.

पावसाळ्याआधी पावडरीचे मोठे पाकीट आणू नये, असेही मी सांगून आले. दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात आणि विरंजक व विकरे दोन्ही मंदावतात. आता पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून दूर ठेवली जाते. धाकटे नातवंड चार वर्षांचे असल्यामुळे डबा वरच्या फडताळात गेला. ही पावडर डोळ्यांना आणि तोंडाला तीव्र जळजळ करते, आणि चकचकीत गोळी लहान मुलाला खाऊच्या गोळीसारखीच दिसते.

जूनमध्ये मी पुन्हा लातूरला गेले, तेव्हा वहीतल्या शेवटच्या पानांवर ताट, पेला आणि परात यांच्यासमोर रोज एकच खूण होती. दोन जुने पेले मात्र धुरकटच राहिले होते. लिंबूसत्त्वाने ते उजळले नाहीत, आणि उजेडात धरून पाहिल्यावर त्यांच्यावर तारेच्या घासणीच्या बारीक गोल रेघा दिसल्या. त्या यंत्र येण्याच्या कितीतरी आधीच्या होत्या. वहिनींनी ते पेले हातात फिरवून पाहिले, रेघा पाहिल्या, आणि ते मनीप्लांटच्या फांद्या ठेवायला खिडकीत नेऊन ठेवले. त्या रात्रीची भांडी त्यांनी स्वतः यंत्रात लावली, आणि पावडर टाकताना सुनेला हाक मारून विचारले, "आज टाकीत कोणतं पाणी हाय गं?"